मोटार रडते ती का?

१. चार दिवसांचा आवाज

मंडळी, बैलबंडी कुरकुरू लागली की आपण काय करतो? बंडी थांबवतो. आखाला वंगण देतो. मग पुढे जातो. बंडीचा आवाज आपल्याला कळतो, कारण लहानपणापासून तो आपण ऐकलेला असतो.

आता गावोगाव मोटारी आल्या आहेत. जीप आहे, पिकअप आहे, ट्रॅक्टर आहे. त्याही बोलतात. पण मोटारीचा नवा आवाज आला की आपण एक तर घाबरतो, नाही तर तिकडे कानाडोळा करतो. दोन्ही गोष्टी महाग पडतात.

बडनेऱ्याजवळच्या एका गावची ही गोष्ट आहे. तिथल्या एका तरुणाने जुनी जीप घेतली. बँकेचे कर्ज काढून घेतली. तो गावातली माणसे अमरावतीला नेई आणि आणी. जीप चालली तर हप्ता भरला जाई. जीप उभी राहिली की हप्ताही उभा राही.

एके दिवशी जीपमधून आवाज येऊ लागला. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की सुरू होई, ऊंऽऽऽ असा. जणू पाळण्यातले लेकरू रडते आहे. वेग वाढला की सूर चढे. वेग कमी केला की सूर उतरे. पोराने काय करावे? त्याने गाण्याचा आवाज वाढवला!

चौथ्या दिवशी त्याची माय जीपमध्ये बसली. ती म्हणाली, “बाबू, ते गाणं बंद कर. तुही गाडी रडून रायली. तुले आयकू येत नाई का?”

“येते ना माय. गॅरेजात दाखवलं मी. ते म्हनतात, मागचा डिफरेन्शल गेला. तीन हप्त्यायचा पैसा लागते त्याले.”

“मंग शनिवारी कसं करतं?”

शनिवारी गावातली माणसे शेगावला दर्शनाला निघणार होती. लहान पोरे होती, म्हातारी माणसे होती. सर्वांना जीपने न्यायचे कबूल झाले होते. पोरगा गप्प बसला.

माय मग आपल्या भावाला बोलावून आली. हा मामा तीस वर्षे मोटारींच्या कारखान्यात मिस्तरी होता. तो म्हणाला, “पैसा काढाच्या आंधी आवाज आयकू. चाल, अकोल्याच्या रस्त्यानं जाऊ. आन् बाई, तुही वही घे.”

माय दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिने वही घेतली, पेन्सिल घेतली आणि ती मधल्या जागेवर बसली.

२. आवाज कोणाबरोबर चालतो?

मामाने आधी जीप उभीच ठेवली. गिअर काढला. हँडब्रेक ओढला. पोराला इंजिन चालू करून हळूहळू रेस द्यायला सांगितले. इंजिन घोंघावले, पण तो रडका सूर आला नाही. मग मामाने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले. तरी आला नाही.

“लिही बाई,” मामा म्हणाला. “गाडी उभी. रेस दिली. आवाज नाही.”

मायने लिहिले.

याचा अर्थ काय? मोटारीत दोन प्रकारच्या वस्तू फिरतात. काही वस्तू इंजिन चालू होताच फिरू लागतात. पंखा, पट्टा, पाण्याचा पंप, बॅटरी भरणारा डायनामो या त्या वस्तू. गाडी जागची हलली नाही तरी त्या फिरतात. दुसऱ्या वस्तू गाडी चालली की फिरतात. चाके, चाकांची बेअरिंगे, मागचा लांब दांडा आणि डिफरेन्शल या त्या वस्तू. उभ्या गाडीत रेस देऊन आवाज आला, तर दोष बहुधा इंजिनाकडे असतो. नाही आला, तर पुढे शोधावे लागते.

जीप बडनेरा सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागली. हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता. लोणी मागे पडल्यावर रस्ता मोकळा होता. मागेपुढे गाडी नव्हती. वेग ४५ झाला आणि आवाज सुरू झाला.

मामा म्हणाला, “हाच वेग ठेव. आंधी तिसऱ्या गिअरमदी चालव, मंग चौथ्यामदी.”

दोन्ही गिअरमध्ये सूर तोच. आवाज एकाच गिअरमध्ये आला असता, तर गिअरबॉक्सवर संशय गेला असता. रिव्हर्स गिअरची गोष्ट वेगळी. पुष्कळ मोटारी मागे घेताना ऊंऽऽ करतात. त्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून तसा आवाज येतो. तो दोष नव्हे.

मग मामा म्हणाला, “आता थोडा वेळ क्लच दाब. चावी मातर बंद करू नोको!”

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करू नये. इंजिन बंद पडले की ब्रेक जड होतो. स्टेअरिंगही जड होते. चावी पूर्ण फिरवली तर स्टेअरिंगला कुलूप बसू शकते. तपासणीसाठी क्लच दाबणे पुरेसे आहे. तेही सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर आणि थोडाच वेळ.

पोराने क्लच दाबला. इंजिन मंद झाले. पण ऊंऽऽऽ तसाच राहिला. गाडीचा वेग कमी झाला, तसतसा तो हळूहळू उतरला.

“पायलं का? इंजिन निजलं, पन आवाज जागा हाय. म्हंजे तो चाकायसंगं चालते.”

३. भरले जाते आणि रिकामे जाते

आता उरल्या तीन गोष्टी. एक डिफरेन्शल, दुसरी टायर, तिसरी चाकाची बेअरिंग.

मामाने मायला विचारले, “बाई, जात्यात दाने असले आन् जातं रिकामं फिरलं, तर आवाज सारखाच येते का?”

“नाई ना. रिकामं जातं खडखड करते. दाने टाकले का सूर बदलते.”

“डिफरेन्शलचं तसंच हाय.”

मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा दिसतो. त्यात डिफरेन्शल असतो. त्यात दात्यांची मोठी चकती असते आणि छोटे दातेरी चाक असते. त्यांना क्राऊन आणि पिनियन म्हणतात. रेस दिली की दाते एका अंगाने दाबले जातात. रेस सोडली की दुसऱ्या अंगाने दाबले जातात. म्हणून झिजलेल्या डिफरेन्शलचा सूर रेस देताना एक आणि सोडताना दुसरा येतो. कधी रेस सोडताच आवाज नाहीसाही होतो.

पोराने रेस दिली. मग सोडली. मग पुन्हा दिली. सूर जराही बदलला नाही.

मायने लिहिले : रेस दिली, सोडली. आवाज तोच.

पोराचा चेहरा थोडा उजळला.

४. रस्ता बदलला, आवाज बदलला का?

टायर वेडेवाकडे झिजले तरी घूंऽऽ असा आवाज येतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. खरखरीत रस्त्यावर एक, गुळगुळीत डांबरावर दुसरा, सिमेंटच्या रस्त्यावर तिसरा. बेअरिंगचा सूर रस्त्याप्रमाणे फारसा बदलत नाही.

अशी परीक्षा घ्यायला अमरावती-अकोला रस्ता चांगला आहे. या रस्त्याची एक हकीकत आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान सलग ७५ किलोमीटर लांबीचा एका पदराचा डांबरी थर घातला गेला. काम रात्रंदिवस चालले. ३ जूनला सुरू झाले आणि ७ जूनला संपले. १०५ तास आणि ३३ मिनिटे लागली. ७२० माणसे त्यात होती. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतार देशातल्या दोहा शहराचा होता.

रस्ता गुळगुळीत असला की टायरचा गोंगाट कमी होतो. मग दुसरा बारीक आवाज चांगला ऐकू येतो. जीपचा तो सूर गुळगुळीत डांबरावर साफ ऐकू आला. कडेच्या खरखरीत पट्ट्यावर गाडी नेली, तेव्हा टायरांचा गोंगाट वाढला. पण त्याच्या आत तोच ऊंऽऽऽ होता.

गाडी थांबवून मामाने चारही टायरांवरून तळहात फिरवला. कुठे उंचवटे नव्हते. एका बाजूची झीज नव्हती.

मायने लिहिले : रस्ता बदलला. सूर तोच. टायर ठीक.

५. वजन कुठे पडते?

“आता पुढं मोठं वळन येईन,” मामा म्हणाला. “सावकाश घे. सारे जन चूप बसा.”

बंडी उजवीकडे वळली की आपण डावीकडे कलतो. मोटारीचेही तसेच. उजव्या वळणावर वजन डाव्या चाकांवर जाते. डाव्या वळणावर उजव्या चाकांवर जाते. बेअरिंग खराब असली, तर तिच्यावर वजन पडताच ती जास्त रडते.

रस्ता उजवीकडे वळला. आवाज वाढला. पुढे रस्ता डावीकडे वळला. आवाज जवळजवळ बंद झाला.

“डाव्या अंगाचं चाक हाय!” माय पटकन म्हणाली.

“बराबर. पन समोरचं का मांगचं?”

“मले तं समोरचं वाटते. माह्या पायाखाली थरथर लागते.”

मामा हसला. “वाटते ते लिही. पन ‘वाटते’ असंच लिही. पायल्याबिगर ‘हाय’ म्हनू नोको.”

हे मामाचे बोलणे मोलाचे आहे. मोटारीचे अंग लोखंडाचे असते. लोखंडातून आवाज दूर जातो. पुढच्या चाकाचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. गॅरेजातल्या माणसाची चूक इथेच झाली असावी. पोराने त्याला सांगितले, “मागून आवाज येते.” त्याने गाडी चालवून पाहिली नाही. ऐकीव गोष्टीवर अंदाज बांधला. तो अंदाज आपल्याला तीन हप्त्यांना पडला असता.

६. हात लावून पाहणे

मूर्तिजापूरला जीप एका झाडाखाली थांबवली. मामाने चाकाच्या मधल्या भागाजवळ तळहात नेला. लावला नाही, नुसता जवळ नेला. तो भाग फार तापलेला असू शकतो. उजवे चाक कोमट होते. डावे पुढचे चाक चांगलेच गरम होते.

पण एवढ्यावरून निकाल देऊ नये. ब्रेक घासत असला तरीही चाक तापते. म्हणून चाक उचलून पाहावे लागते.

जवळच्याच एका मिस्तरीकडे जीप नेली. त्याने ही कामे क्रमाने केली :

जीप सपाट, पक्क्या जागेवर उभी केली. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावले. जॅकखाली जाड फळी ठेवली. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून फळी हवीच. चाक उचलल्यावर गाडीखाली लोखंडी घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरला तर माणूस जातो.

मग त्याने चाक हाताने फिरवले. आतून बारीक करकर ऐकू आली. भाकरीत खडा लागावा तशी. उजवे चाक फिरवले, ते मुकाट्याने फिरले. मग त्याने डाव्या चाकाला वर एक हात आणि खाली एक हात लावून हलवले. चाक थोडे डुलले. मामाने पोराला ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेक दाबताच डुलणे थांबले. डुलणे तसेच राहिले असते, तर दोष चाकामागच्या सांध्यात असता. ते थांबले, म्हणजे ढिलाई बेअरिंगमध्येच होती.

आता माय ‘वाटते’ हा शब्द खोडून तिथे ‘आहे’ लिहू शकत होती. तिने लिहिले.

७. आत काय निघाले?

चाक उघडले. बेअरिंग म्हणजे दोन लोखंडी कड्या. त्यांच्यामध्ये गुळगुळीत रोलर असतात. रोलरांना ग्रीस लावलेले असते. चाक फिरते तेव्हा लोखंडावर लोखंड घासत नाही, रोलर लोळतात. बंडीच्या आखाला वंगण, तसे बेअरिंगला ग्रीस. बाहेरून पाणी आणि चिखल येऊ नये म्हणून रबराची कडी असते. तिला सील म्हणतात.

मिस्तरी म्हणाला, “सील फाटेल हाय. ग्रीस धुवून गेलं. रोलरायले खड्डे पडले. गाडी पान्यातून नेली होती का?”

पोराला आठवले. पावसाळ्यात नाल्याला पूर होता. त्याने जीप तशीच पाण्यातून काढली होती.

चालून गरम झालेले चाक गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते. ती बाहेरचे पाणी आत ओढते. सील फाटलेले असले तर पाण्याबरोबर गाळही जातो. गाळ ग्रीसमध्ये मिसळला की तो रोलरांना पॉलिशच्या कागदासारखा घासतो. रोलरांवर आणि कड्यांवर बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवरून रोलर धावतात आणि चाक रडू लागते.

तसेच चालवले असते तर काय झाले असते? खड्डे वाढले असते. बेअरिंग तापून अडकली असती, नाही तर तुटली असती. भर वेगात चाक जाम झाले, किंवा निसटले, तर गाडी हातात राहत नाही. आणि शनिवारी त्या जीपमध्ये लेकरे बसणार होती.

मिस्तरीने आतली आणि बाहेरची, दोन्ही बेअरिंगे नवी घातली. त्यांच्या बाहेरच्या कड्याही बदलल्या. जुन्या कडीत नवी बेअरिंग बसवली तर ती लवकर बिघडते. नवे सील लावले. नवे ग्रीस रोलरांच्या आतपर्यंत भरले. मधला नट बेताने कसला. फार कसला तर बेअरिंग तापते. ढिला राहिला तर चाक डुलते. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि डुलता कामा नये. सगळ्याच मोटारींत असे कसायचे बेअरिंग नसते. काहींत ते बंद असते आणि सगळे एकत्रच बदलावे लागते.

खर्च झाला, पण एका हप्त्यापेक्षा कमी.

परत येताना पोराने गाणे लावले नाही. वेग ४५ झाला. मग ६० झाला. ऊंऽऽऽ आला नाही. बडनेऱ्याला थांबून दोन्ही चाकांजवळ तळहात नेला. दोन्ही सारखीच कोमट होती.

शनिवारी जीप शेगावला गेली आणि रात्री सुखरूप परत आली. मायने वहीच्या पानाखाली तारीख घातली.

८. कोणता आवाज काय सांगतो?

उभ्या गाडीत रेस दिली की शिट्टी किंवा चीं-चीं येते : पट्टा ढिला किंवा झिजलेला असेल. पंप किंवा डायनामोची बेअरिंग असेल.

स्टेअरिंग फिरवताच घूंऽऽ येते : स्टेअरिंगच्या पंपाचे तेल कमी झाले असेल. डब्यावरच्या खुणेशी ताडून पाहा.

क्लच दाबला की येते, सोडला की जाते : क्लचची बेअरिंग असेल.

उभ्या गाडीत येते आणि क्लच दाबला की थांबते : गिअरबॉक्सची बेअरिंग असेल.

एकाच गिअरमध्ये येते : गिअरबॉक्स पाहा.

रेस देताना एक सूर, सोडताना दुसरा : डिफरेन्शल पाहा. आधी त्याचे तेल पाहा. ते कमी असेल, तर गळती शोधा. ते दुधासारखे पांढरट असेल, तर आत पाणी शिरले आहे. तेलाच्या डब्यावर ८०-९० किंवा ८५-१४० असे अंक असतात. गाडीच्या पुस्तकात जे अंक असतील, तेच तेल घाला.

रस्ता बदलला की बदलते : टायर पाहा.

वळणावर कमी-जास्त होते : चाकाची बेअरिंग पाहा.

डिझेल मोटारीत टर्बो असला तर रेस देताना बारीक शिट्टी येते. विजेवरच्या रिक्षाही बारीक सूर काढतात. पहिल्या दिवसापासून असलेला आवाज तिचा स्वभाव असतो. नवा आवाज किंवा वाढता आवाज हीच तक्रार समजावी.

९. हे करू नका

चालत्या इंजिनाजवळ धोतराचा सोगा, उपरणे, पदर किंवा ओढणी नेऊ नका. पट्टा ती ओढून घेतो. पट्टा पाहायचा असेल तर इंजिन बंद करा आणि चावी खिशात ठेवा.

चालवणाऱ्याने लिहू नये आणि वाकून ऐकू नये. ऐकणारा व लिहिणारा वेगळा असावा.

आवाजाबरोबर चाक थरथरले, स्टेअरिंग ओढू लागले किंवा जळका वास आला, तर गाडी कडेला घ्या. माणसे उतरवा. पुढे जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर फोन करा. मदत मिळते.

१०. मिस्तरीला काय सांगावे?

‘गाडी आवाज करते’ एवढे सांगून भागत नाही. डॉक्टरला आपण सांगतो, ताप केव्हा येतो, किती दिवस येतो. तसेच इथे सांगावे. वहीत लिहून न्यावे :

आवाज केव्हापासून आहे?
उभ्या गाडीत येतो की चालत्या?
किती वेगाला येतो? कोणत्या गिअरमध्ये?
क्लच दाबल्यावर काय होते? रेस सोडल्यावर?
कोणत्या वळणावर वाढतो?
त्याआधी काही घडले होते का? पाणी, खड्डा, जास्त भार?

आणि काम झाल्यावर काढलेली जुनी वस्तू मागून घ्या. बिल वाचा. जे बदलले तेच बिलात आहे ना, हे पाहा. वाचता येते त्याचा हाही उपयोग आहे.

शब्दांचे अर्थ

बेअरिंग : फिरणारी वस्तू सहज फिरावी म्हणून बसवलेले रोलर किंवा गोळ्या.
सील : पाणी व धूळ अडवणारी रबराची कडी.
क्लच : इंजिनाची ताकद जोडणारा व सोडवणारा भाग.
डिफरेन्शल : मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गोळा.
घोडी : उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी टेकू.

प्रश्न

१. उभ्या जीपमध्ये रेस दिली तेव्हा आवाज आला नाही. त्यावरून मामाने काय ओळखले?
२. चालत्या गाडीचे इंजिन बंद का करू नये?
३. उजव्या वळणावर वजन कोणत्या चाकांवर जाते?
४. ‘वाटते’ आणि ‘आहे’ यांत मामाने कोणता फरक सांगितला?
५. तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीचा, पंपाचा किंवा चक्कीचा आवाज ऐका. तो केव्हा वाढतो, केव्हा कमी होतो, ते चार ओळींत लिहा.